भिक्षापात्रातली गोळी

“आणि हात? हात थरथरतात?”

“नाही.”

“छातीत धडधड?”

“जिना चढलो तर होत असेल. विहाराला जिनाच नाही.”

“झोप लागते?”

“झोपेचं काय विचारतोस! दुपारी पुस्तक उघडलं की लागते.”

डॉक्टर सुगत नगराळेने हातातला कागद चटईवर आपटला. म्हणजे आपटायचा होता. समोर भंते आहेत हे ऐनवेळी आठवलं आणि त्याने तो हळूच ठेवला.

“भंते, असं होऊच शकत नाही.”

वैनगंगेच्या काठावरच्या त्या लहानशा विहारात भंते खेमसार पंचवीस वर्षांपासून राहत होते. वय त्र्याहत्तर. सुगत याच वस्तीतला पोरगा. बाराखडी त्याने भंतेंच्या समोर बसून गिरवली होती. आता तो शहरातून एम.डी. होऊन आला होता. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

मागच्या महिन्यात वडिलांच्या स्मृतिदिनी त्याने विहारात आरोग्य शिबिर घेतलं. साठीच्या वरच्या सगळ्यांचं रक्त काढलं, भंतेंचंही. कुणाची साखर निघाली, कुणाचं हिमोग्लोबिन कमी निघालं. भंतेंचं मात्र थायरॉइड निघालं.

“टीएसएच जवळजवळ शून्य आहे. टी-फोर मर्यादेच्या दुप्पट. चूक असेल म्हणून मी परत रक्त घेतलं, तर परत तेच. असे आकडे असलेला माणूस तुमच्यासारखा बसूच शकत नाही. त्याचं हृदय पळत असतं. तो वाळत जातो. त्याला उकडतं, तो चिडचिड करतो.”

“मी चिडू का?”

“भंते…”

“बरं, बरं. पुढे बोल.”

सुगतने भंतेंची नाडी धरली. घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजली. सत्तर भरली. ती त्याला पटली नाही.

“गळ्यातली ग्रंथी जोरात चाललीय. या वयात हे हृदयावर जातं. मी गोळ्या आणल्यात, आजपासून सुरू करायच्या. वर्षावास संपला की नागपूरला नेऊन स्कॅन करू.”

वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने. त्या काळात भिक्खू विहार सोडून कुठे मुक्कामाला जात नाही. एवढी सवलत डॉक्टरने दिली होती.

“पण सुगत, मला तर काही होत नाही.”

झालं. सुगतचा चेहराच उतरला.

“हे नका म्हणू.”

सुगतने कागद भंतेंकडे सरकवला.

“बाबा हेच म्हणायचे. दोन वर्षं म्हणत होते. बिडी कारखान्यातून पाय सुजवून यायचे आणि म्हणायचे, मले काही होत नाही, तू अभ्यास कर. मी तेव्हा मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो, भंते. सुजलेल्या पायांवर परीक्षेत प्रश्न आला असता तर पानभर उत्तर लिहिलं असतं. घरातले पाय मला दिसले नाहीत. किडन्या गेल्यावर रिपोर्ट हातात आला.”

सुगतच्या वडिलांच्या तिरडीमागून भंते नदीपर्यंत चालत गेले होते.

“तेव्हापासून मी माणसाचं ऐकत नाही,” सुगत म्हणाला. “कागदाचं ऐकतो. माणूस मायेपोटी खोटं बोलतो. कागदाला माया नसते.”

भंतेंचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत.

मग त्यांनी बाजूचं भिक्षापात्र उचललं आणि दोन्ही हातांनी सुगतपुढे धरलं.

“टाक.”

“काय?”

“तुझ्या गोळ्या.”

सुगत गडबडला. तो वाद घालायच्या तयारीने आला होता. घरून निघताना चार मुद्दे मनाशी घोकून ठेवले होते, ते आता कुणाला ऐकवायचे?

“कसल्या आहेत, काय आहेत, काहीच विचारणार नाही?”

“पात्रात पडेल ते घ्यायचं. भाजी कधी अळणी असते, कधी डोळ्यांतून पाणी काढते. पार्बताबाईची गोळी घेतो, तशी तुझीही घेईन.”

सुगतचा हात पात्रावर तसाच थांबला.

“…कसली गोळी?”

“ते तिला ठाऊक.”

“कधीपासून?”

“वर्षावास लागला तेव्हापासून. सकाळच्या पेजेबरोबर रोज एक.”

“पण मी विचारलं होतं ना तुम्हांला! औषध कुठलं चालू आहे का, म्हणून. शिबिरात विचारलं, दुसऱ्यांदा रक्त घेताना विचारलं. दोन्ही वेळा तुम्ही नाही म्हणालात.”

“औषध नाहीच घेत मी. ते दान आहे.”

सुगतने कपाळाला हात लावला.

पार्बताबाईंचं घर विहारासमोरच होतं. वर्षावासात भंतेंच्या दुपारच्या जेवणाची पाळी घरोघर फिरायची, पण सकाळची पेज पार्बताबाईंची. ती त्या कुणाला आणू द्यायच्या नाहीत. त्यावरून वस्तीत एकदोनदा भांडणंही झाली होती.

हाक मारल्यावर त्या ओले हात पदराला पुसत आल्या. गोळ्यांचं विचारल्यावर परत गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक डबी घेऊन आल्या.

“सुनंनं पाठवली जी पुण्याहून,” त्या म्हणाल्या. “मी तापातून उठली तं केसं गळत होते माये, झाडू मारला का पुंजका निघे. तिले फोनवर सांगतलं, तं तिनं हे धाडलं. म्हणे आई, लय ताकदीचं हाय, रोज एक खात जा. म्या म्हटलं, मले म्हातारीले कायले पायजे ताकद? भंतेजी दिवसातून एक डाव जेवते. त्यायले देतो.”

“तुम्ही एकही नाही खाल्ली?”

“नाही जी. भंतेजीच्या आंधी कशी खाऊ?”

सुगतने डबी फिरवून बारीक अक्षरं वाचली. बायोटिन. दहा हजार मायक्रोग्रॅम.

एम.डी.च्या दुसऱ्या वर्षी कधीतरी एका पानाच्या तळाशी त्याने हे वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. रक्त तपासायच्या काही पद्धतींत हेच जीवनसत्त्व वापरलेलं असतं. माणसाच्या रक्तात ते फार झालं की तपासणीचा गोंधळ उडतो. ग्रंथी आपली शांतपणे काम करत असते, आकडे तेवढे वेडेवाकडे येतात.

डबीच्या दर्शनी बाजूला एका बाईचं चित्र होतं. कमरेच्याही खाली गेलेले काळेभोर केस. सुगतने चित्राकडे बघितलं, मग भंतेंच्या डोक्याकडे बघितलं. परवाच्या पौर्णिमेला ते नुकतंच भादरलेलं होतं.

“भंते, या… केस वाढायच्या गोळ्या आहेत.”

भंतेंनी डोक्यावरून हात फिरवला.

“तरीच गुण येत नव्हता.”

सुगतला हसू आवरेना. भंतेही हसले. पार्बताबाई हसल्या नाहीत. त्यांना एवढंच कळलं की आपल्या डबीवरून डॉक्टर आला आहे आणि भंतेंच्या समोर तपासणीचा कागद पडला आहे.

“मायं काही चुकलं काय जी?” त्यांनी विचारलं. “म्या भंतेजीले दुखणं लावलं काय?”

सुगत सांगायला लागला की तसं नाही, रक्तात ते उतरलं की तपासणीमध्ये… आणि थांबला. पार्बताबाई रडत होत्या. जे समजावून सांगायचं ते त्याच्याजवळ सगळं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

भंते म्हणाले, “पार्बताबाई, सून खरं बोलली. ताकद आहे हो तुमच्या गोळ्यांत. मला काही झालं नाही, पण लॅबचं एवढं मोठं यंत्र पालथं पाडलं.”

“सच्ची?”

“या डॉक्टरला विचारा. महिनाभर झोप नाही त्याला.”

पार्बताबाईंनी सुगतकडे बघितलं. त्याने मान हलवली. ते खरंच होतं.

मग भंतेंनी डबी आपल्या पात्रात ठेवली, पात्र उचललं आणि पार्बताबाईंपुढे धरलं. पंचवीस वर्षांत ते पात्र कुणाला काही द्यायला पुढे आलेलं वस्तीने बघितलं नव्हतं.

“तुमचं मी घेतलं. आता उरलेल्या माझ्याकडून तुम्ही घ्या. दान आहे, नाही म्हणायचं नाही.”

“मी कशी घेऊ जी…”

“मी घेतलं तसंच.”

त्यांनी दोन्ही हातांनी डबी उचलली, कपाळाला लावली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि निघाल्या.

“आजी, घ्या तुम्ही रोज,” सुगत मागून म्हणाला. “फक्त कुठे रक्त तपासायला गेलात तर आधी सांगायचं, ही गोळी चालू आहे म्हणून.”

“सांगन ना बाबू,” त्या म्हणाल्या. “त्यायनं इचारलं तं.”

सुगतला ते जिथे लागायचं तिथे लागलं. त्याने औषधाचं विचारलं होतं, पात्रात काय पडतं ते नाही.

त्याने आपल्या गोळ्यांची पट्टी बॅगेत परत टाकली. आठ दिवस ती गोळी बंद, मग पुन्हा रक्त, आणि मधल्या काळात छाती धडधडली किंवा काही वेगळं वाटलं तर लगेच फोन, असं सगळं भंतेंना दोनदा बजावून तो गेला.

आठ दिवसांनी रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखाना आटोपून तो सरळ विहारात आला. भंतेंचं जेवण झालं होतं. दिलेलं बरंच उरलं होतं, ते झाकून ठेवलं होतं.

“सगळे आकडे बरोबर आहेत,” सुगत म्हणाला. “ग्रंथी एकदम ठीक आहे. कधी बिघडलीच नव्हती.”

“चांगलं झालं.”

“हो.”

तो आनंदात दिसायला हवा होता. पण तो भिंतीला टेकून बसला.

“भंते, मी तुम्हांला नको त्या गोळ्या दिल्या असत्या. तुम्ही खाल्ल्याही असत्या.”

“खाल्ल्या असत्या.”

“या वेळी माणूस खरं सांगत होता आणि कागद चुकला. बाबांच्या वेळी कागद खरा होता, आणि बाबा…”

त्याने हातातल्या कागदाची घडी घातली, परत उलगडली.

“तुम्ही दोघंही एकच सांगत होतात. मला काही होत नाही. शब्दसुद्धा तेच. मग मी ओळखायचं कसं? उद्या माझ्यासमोर तिसरा कुणीतरी बसेल आणि तोही तेच सांगेल. त्याला उगीच गोळ्या चारीन, नाहीतर बाबांसारखा जाऊ देईन. यातलं काहीतरी माझ्या हातून होणारच आहे. मला एवढंच सांगा, ऐकायचं कुणाचं?”

भंते खेमसारांनी त्याच्याकडे बघितलं. सुगतच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं. शर्टाचं एक बटण भलत्याच काजात गेलं होतं. हातातला कागद घामाने मऊ झाला होता.

“तू कसा आहेस, सुगत?”

“मी?” तो चटकन म्हणाला. “मी ठीक आहे, भंते. मला काय होतंय?”

भंते उठले. झाकण काढून त्यांनी ताटलीत भात वाढला, त्यावर वरण घातलं, वांग्याची भाजी ठेवली. ताटली सुगतपुढे सरकवली आणि गुडघ्यावर हात टेकत त्याच्याजवळच खाली बसले.

“जेव,” ते म्हणाले. “मग परत विचारतो.”