पिंड आणि कविता

पाखरं कविता करत होती त्या काळची गोष्ट. भिवा कावळ्याला कविसंमेलनातून हाकलून दिलं. अध्यक्ष राघूअण्णा पोपट खेकसले, "कवितेत मोहोर हवा, उकिरडा नको!"

पुढं अण्णांचे आजोबा वारले. दहाव्याला पिंड मांडला. भिवा समोर बसला, पण शिवेना.

"आजोबा, तुमचं पेरूचं झाड जपू!" अण्णा गयावया करू लागले.

"आजोबांचं काही अडलेलं नाही," भिवा म्हणाला. "माझी कविता अडलीय."

नाइलाजानं सगळे ऐकायला बसले. भिवानं सूर लावला, "जगताना हाकलता, मेल्यावर बोलावता, मधल्या भुकेचं काय?"

"चांगलीय," अण्णा पुटपुटले, "पण आवाज जरा कर्कश."

"मला हाकलताना तुमचा फार मंजूळ होता होय?" म्हणत भिवानं पिंडाकडे पाठ फिरवली आणि दुसरी कविता सुरू केली.