मूल आणलेले नाही

एकदा एका वृद्ध वैद्यांनी आईच्या मांडीवर बसलेल्या चौदा महिन्यांच्या मुलीला डोक्यापासून पायापर्यंत नीट तपासलं आणि अहवालाच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'तपासणीसाठी मूल आणलेले नाही.' खाली सही केली, पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवून दिलं.

शेजारी त्यांचा शिष्य उभा होता. विद्येने आणि कीर्तीने तो आता गुरूंच्या बराच पुढे गेला होता, पण त्यांच्यासमोर अजून खुर्चीवर बसत नसे. त्याला वाटलं, वयामुळे सरांची बुद्धी चळली. खरं सांगतो, त्या खोलीत असतो तर मलाही तेच वाटलं असतं. म्हणून आधी काय घडलं होतं ते सांगून टाकतो.

त्या शहरातल्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याच्या सहा वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया होता. दर तीन आठवड्यांनी त्याला बाहेरचं रक्त चढवावं लागे. तेही आता त्याला सोसेना. शिष्याने नव्या विद्येचा मार्ग दाखवला. नवरा-बायकोचे अकरा गर्भ प्रयोगशाळेत तयार केले, त्यांतला आजार नसलेला आणि या मुलाशी तंतोतंत जुळणारा एक निवडला आणि तो आईच्या पोटात वाढवला. मुलगी झाली. आता तिच्या हाडांतली मज्जा, म्हणजे रक्त घडवणारा मऊ गर, काढून भावाला द्यायचा होता. दुसऱ्या दिवसापासून मुलाला कडक औषधं सुरू व्हायची होती, त्याची स्वतःची मज्जा मारून टाकणारी. ती एकदा सुरू झाली की माघार नाही. राहिली होती फक्त एक सही. मज्जा देणाऱ्याला तपासणारा वैद्य बाहेरचा असावा, असा त्या रुग्णालयाचा नियम होता, म्हणून शिष्याने मोठ्या विश्वासाने गुरूंना बोलावलं होतं.

"सर, मूल तर समोर बसलंय," शिष्य म्हणाला.

"कोण आहे ही?"

"दाता. जुळणी दहापैकी दहा."

"मी नाव विचारतोय."

शिष्याने मुलीच्या आईवडिलांकडे पाहिलं. शेवटी व्यापारी पुढे झाला. "डॉक्टर, बारसं व्हायचंय अजून. पोरगा असा आजारी, घरात पाळणा कुठल्या तोंडाने सजवायचा? तो खडखडीत बरा झाला की एकाच मांडवात दोन्ही आनंद करू, असं ठरवलंय आम्ही." बोलता बोलता त्याने डोळे पुसले. शिष्याचेही डोळे पाणावले.

ही गोष्ट सांगताना दर वेळी माझं डोकं इथेच फिरतं. बाराव्या दिवशी व्हायचं बारसं चौदा महिने लांबलं, जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी राहिली, आणि घरात एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. उलट आपण केवढा संयम पाळतोय, या कौतुकात सगळे होते. बाहेरचा कुणी ऐकेल तर त्याचेही डोळे भरून यावेत, अशी ती सोय होती.

वैद्यांनी टेबलावरचे कागद पुढे ओढले. मुलाच्या तीन जाडजूड फायली होत्या. मुलीचा एकच कागद. त्यावर वजन, रक्तगट आणि जुळणी.

"हिचा उजवा कान वाहतोय," ते म्हणाले. "किती दिवस झाले?"

"महिना होईल," आई खालच्या आवाजात म्हणाली. "सारखं बोट घालते कानात."

"मग दाखवलं का नाहीस?"

"दर आठवड्याला इथंच येतो की आम्ही. पण ते त्याच्या तपासणीला. म्हटलं, डॉक्टरांना त्यात आणि हिचं कुठं..." ती मध्येच थांबली.

शिष्याचा चेहरा उतरला. दर आठवड्याला ती मुलगी त्याच्याच टेबलासमोर बसलेली असायची.

वैद्य आवाज न चढवता शिष्याकडे वळले. "ऐकलंस? तुझ्या विद्येवर माझा राग नाही. मला येत असती तर मीही ती वापरली असती. भावासाठी बहीण मागितली, हेही मी समजू शकतो. माणसं वंशासाठी मुलं मागतात, म्हातारपणी कुणी असावं म्हणून मागतात. पण मूल घरात आलं की ते कारण मागे पडतं. त्याला नाव ठेवतात, त्याची दृष्ट काढतात, त्याचा कान ठणकला की घर जागं राहतं. हिच्या बाबतीत ते कारण मागे पडलंच नाही. औषधाची बाटली थंड जागी जपून ठेवावी, तशी तुम्ही हिला चौदा महिने ठेवलीत. ही जन्मायच्या आधी हिची पेशी न् पेशी तपासलीस तू, आणि जन्मल्यावर हिचा कान तुला दिसला नाही. लाज वाटायला हवी तुला. मलाही, कारण शिकवलं मी." मग ते व्यापाऱ्याकडे वळले. "शेठ, एकच विचारतो. मज्जा लागू पडली नाही आणि मुलगा हाती लागला नाही, तर हिला घरी कोण म्हणून न्याल?"

एवढ्या महिन्यांत हा प्रश्न व्यापाऱ्याने स्वतःला एकदाही विचारला नव्हता, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"शरयू," आई म्हणाली. "शरयू म्हणून नेईन. पोटात होती तेव्हापासून मनात आहे माझ्या. यांना कधी बोलले नाही."

"मला सांगून काय उपयोग? तिला सांग. डाव्या कानात सांग, उजवा दुखतोय."

आत्या परगावी होती. पाळणा नव्हता, घुगऱ्या नव्हत्या. आईने मुलीच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं. गुदगुल्या झाल्या म्हणून मुलीने मान वाकडी केली.

"आता तुम्ही, शेठ."

व्यापारी वाकला. पहिल्यांदा त्याला ते नाव उच्चारताच आलं नाही, दुसऱ्यांदा आलं. मग तो बराच वेळ तसाच वाकून राहिला.

वैद्यांनी आधीची ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'शरयू, वय चौदा महिने. उजव्या कानात पू. आधी हिचा उपचार. मज्जा काढण्याचा विचार त्यानंतर.'

"सर, तोवर मुलाला आणखी एकदा रक्त चढवावं लागेल," शिष्य हळूच म्हणाला.

"चढव. बहिणीचा कान बरा होईतो भाऊ थांबतो. घरात असंच असतं."

शिष्याने पुढे वाद घातला नाही. कान तपासायचा दिवा मागवला आणि मुलीसमोर जमिनीवर बसला.

ही कथा मी आजवर कितीतरी व्याख्यानांत सांगितली आहे. संपली की सभागृहात हात वर होतात आणि प्रश्न ठरलेला असतो: मुलगा वाचला का? अगदी कळवळून विचारतात लोक. मी उत्तर देत नाही. दुसरा एखादा प्रश्न येतो का, म्हणून थोडा वेळ थांबतो आणि मग खाली उतरतो. शरयूचं पुढे काय झालं, हे मला अजून एकानेही विचारलेलं नाही.