साकवाची करकर

फार पूर्वी एका डोंगरदरीत नदीवर छपराचा लाकडी साकव होता. धाकू सुताराच्या आज्याने तो बांधलेला. दर दिवाळीनंतर धाकू अनवाणी त्यावरून चाले आणि जिथे करकर ऐकू येई, तिथे खाली उतरून खुंटी ठोकी.

यंदा म्हाताऱ्या धाकूचे गुडघे थरथरत होते. साकवाला त्याची दया आली. मधली खुंटी सैल झाली होती, तरी साकवाने श्वास रोखून धरला.

धाकू थबकला. "दादा, इतक्या वर्षांत तू कधी मुका नव्हतास. मला जपतोस होय? अरे, उद्या माझी नात तुझ्यावरूनच सासरी जायचीय."

साकव कळवळून करकरला.

"हां, असं बोलावं," धाकू म्हणाला आणि गुडघे सांभाळत खाली उतरला.