शिधापानावरचा परतावा

एक जंगल होतं. ते इतकं दाट होतं की वर बसलेल्या सरकारला खालची जनता दिसत नसे आणि खालच्या जनतेला वरचं सरकार दिसत नसे. त्यामुळे दोघांचं बरं चाललं होतं.

राजा अस्वल होता. त्याचं नाव श्रीमंत झिपरेंद्र महाराज. तो रीतसर निवडून आलेला होता. निवडणूक आली की आपल्यासमोर कोणी उभं आहे का, हे बघायला तो गुहेबाहेर येई. समोर कोणी नसे, कारण उभे राहू शकणारे सगळे त्याच्या मागे उभे असत.

पुरवठा खातं मुसंडेसाहेबांकडे होतं. ते रानडुक्कर होते आणि धान्याच्या विषयातले जाणकार मानले जात. जंगलाच्या कोठाराची किल्ली त्यांच्या गळ्यात असे, आणि गळा जाड असल्यामुळे ती कोणाला दिसत नसे.

गरिबांसाठी शिधापान होतं. पळसाचं पान, त्यावर महाराजांच्या पंजाचा ठसा. ते दुकानात दिलं की त्या बदल्यात दाणे मिळत. गरीब कोण, हे शास्त्रीय पद्धतीने ठरवलं जाई. ज्याच्या बरगड्या बाहेरून मोजता येतात तो गरीब. पद्धत चांगली होती, फक्त काही अडचणी होत्या. कासव कायम श्रीमंत ठरे. साप कायम अतिगरीब ठरे. आणि मुसंडेसाहेबांच्या पुतण्यांनी कोळशाने अंगावर बरगड्या काढून आणल्या होत्या, पण स्वतःच्या बरगड्या कधी पाहिल्या नसल्यामुळे त्यांनी त्या डोक्यापासून शेपटीपर्यंत उभ्या ओढल्या होत्या. तपासनीस तरसाने त्या मोजल्या आणि शेरा मारला, 'प्रकरण गंभीर.' पुतण्यांना प्रत्येकी गाडीभर पानं मंजूर झाली.

तुळसाक्का नावाच्या सायाळीलाही दर आठवड्याला एक पान मिळत असे. तिच्या बरगड्या मोजताना तरसाला तीन वेळा काटे टोचले होते. चौथ्यांदा त्याने लांबूनच 'दिसतात, दिसतात' असं म्हणून ठसा मारला होता.

तुळसाक्काला एक पिल्लू होतं. त्याचं नाव टोच्या. टोच्याला खरूज झाली होती. साध्या प्राण्याला खरूज झाली तर तो खाजवतो आणि विषय संपतो. सायाळीचं पिल्लू खाजवतं तेव्हा काटे गळून पडतात, आणि ते बिळातल्या बाकीच्यांच्या पायात जातात. बाकीचे लंगडत होते. टोच्या झोपत नव्हता, म्हणून तुळसाक्काही झोपत नव्हती.

ती पान घेऊन हुप्पेशेठच्या दुकानात गेली. हुप्पेशेठ वानर होता आणि तराजू शेपटीने धरत असे.

"शेठ, करंजाचं तेल द्या."

"चोळायला की खायला?"

"करंजाचं तेल कोण खातं?"

"म्हणजे चोळायला. मग पानावर नाही मिळत आक्का. पानावर फक्त पोटात जाणारं. अंगावर जाणारं सगळं रोख."

"पोरगं खाजवून खाजवून बोडकं झालंय हो."

"मग त्याच्या बरगड्या छान दिसतील. त्याच्या नावानं दुसरं पान काढ." हुप्पेशेठ हसला. मग तिचा चेहरा पाहून थोडा ओशाळला. "हे बघ, बाटली चार कवड्यांची. पण ऐक, अर्धी आता चोळायची आणि अर्धी आठवड्यानं. मधे किड्यांची अंडी फुटतात. दुसऱ्यांदा चोळलं नाहीस, तर पहिलं चोळलेलं फुकट."

तुळसाक्काकडे एकही कवडी नव्हती. ती वळली, तेवढ्यात दुकानाच्या वाशावरून आवाज आला.

"नमस्कार! खरेदीवर परतावा हवा आहे का?"

तो परतपोपट होता. नदीपलीकडच्या एका कंपनीने असे पोपट जंगलभर बसवले होते. काय घेतलं ते त्याला दाखवायचं, तो ते पाठ करी, आणि ठरलेल्या वस्तूंवर एखादी कवडी परत देई.

आता एक गोष्ट सांगायला हवी. या जंगलात वर काही घातल्याशिवाय कोणी काही विकत घेत नसे. भाजी घेतली की वर कोथिंबीर, मासे घेतले की वर एक झिंगा. मधमाश्यांकडून मध घेतानासुद्धा 'वर काय?' असं विचारलं जाई, आणि मधमाश्या वर जे देत तेही लोक घेऊन येत. त्यामुळे पोपट येताच सगळ्यांना ते आपल्याच घरातलं माणूस वाटलं.

"मी पानवाली आहे," तुळसाक्का म्हणाली. "मला चालतं का?"

"तुम्ही कशाने पैसे दिले, हे आम्ही विचारत नाही," पोपट म्हणाला. "तुम्ही काय खाता, एवढंच आम्हाला कळू द्या."

"एवढंच?"

"एवढंच. आजची खास सवलत: सुकी कारली."

तुळसाक्काने त्या पानावर सुकी कारली घेतली. पोपटाने पाहिली, पाठ केली आणि एक कवडी दिली. पुढच्या पानावरही कारली, त्याच्या पुढच्याही. टोच्या कारली खाऊन रडत होता आणि रडत रडत खाजवत होता. शेजारची घोरपडमावशी म्हणाली, "रक्त शुद्ध होतंय हो." याला कोणताही पुरावा नव्हता. एव्हाना सगळं जंगलच कारली खात होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे तोंड वाकडं करून पाहत होतं. सरकारला वाटलं, जनता नाराज आहे. सरकारने हसण्याची सक्ती केली.

चौथी कवडी मिळाली त्या दिवशी तुळसाक्काने बाटली आणली. काट्यांच्या दिशेने, हलक्या हाताने, अर्धं तेल चोळलं. टोच्या झोपला. बिळात सगळे झोपले.

फक्त टिटवी जागी होती. टिटवी जंगलाला बातम्या देत असे, आणि बातमी नसेल तरी देत असे.

"शिध्यावर जगणारी बाई तेल चोळते! तेल चोळते! तेल चोळते!"

सकाळपर्यंत चर्चा पेटली. चितळ म्हणालं, "आम्ही कर भरायचा आणि यांनी चोळायचं." मोर म्हणाला, "मी माझी पिसं कोरडीच ठेवतो, पण मी कधी बोललो का?" तो नंतर बराच वेळ त्यावर बोलला. एका सशाने, जो स्वतः पानावर जगत होता, अशा लोकांची पानं काढून घेतली पाहिजेत असं ठणकावून सांगितलं.

निवडणूक जवळ आली होती. वडाखाली सुनावणी ठेवली गेली. महाराज वारुळावर बसले. तुळसाक्का टोच्याला कडेवर घेऊन आली. दुसऱ्यांदा तेल चोळायचा दिवस नेमका तोच होता, म्हणून बाटलीही बरोबर होती. शिपाई गव्याने बाटली पाहिली आणि ओरडला, "मुद्देमाल हजर!"

मुसंडेसाहेब उठले.

"बंधूंनो आणि भगिनींनो! पान कुणाचं?"

"सरकारचं!" जमाव म्हणाला.

"दाणे कुणाचे?"

"सरकारचे!"

"त्यावर मिळालेली कवडी कुणाची?"

"सरकारची!"

"त्या कवडीचं तेल कुणाचं?"

"सरकारचं!"

"आणि खरूज कुणाची?"

"सरकारची!"

"नाही, नाही," मुसंडेसाहेब म्हणाले. "खरूज तिची. नीट ऐकत जा." त्यांनी घाम पुसला. "माझी मागणी साधी आहे. हिचं पान कायमचं रद्द करा. उरलेलं तेल जप्त करा."

"काही सांगायचंय का बाई?" महाराजांनी विचारलं.

"महाराज, पानावर जे मिळतं ते चोळता येत नाही," तुळसाक्का म्हणाली. "जे चोळायचं ते पानावर मिळत नाही. पोपटानं विचारलं, वर काही हवंय का. मी हो म्हटलं. तुमच्यापैकी नाही कोण म्हणालं असतं?"

जमाव जरा चुळबुळला. मुसंडेसाहेबांना ते आवडलं नाही.

"ही एकटी नाही महाराज! ही टोळी आहे! पोपटाला बोलवा. शिधापानावर ज्यांनी ज्यांनी परतावा घेतला, त्यांची नावं त्याने सगळ्यांसमोर म्हणून दाखवावीत. आणि मोठ्यापासून सुरुवात करावी. मोठे चोर आधी कळू द्या!"

पोपट वारुळाशेजारच्या फांदीवर येऊन बसला. त्याने गळा साफ केला.

"अभिनंदन, मुसंडेसाहेब! आपण आमचे सुवर्ण सदस्य आहात!"

जमावाने माना वळवून मुसंडेसाहेबांकडे पाहिलं.

"आपल्या पुतण्यांच्या शिधापानांवर," पोपट आनंदाने पुढे म्हणाला, "आपण उचललेला माल: कोठारातली सगळी ज्वारी. सगळी नाचणी. सगळा वरई तांदूळ. कोठाराचा दरवाजा, एक. यावर मिळालेला परतावा: कवड्या, पोतंभर. दरवाजावर सवलत लागू नव्हती, तरी आपण दोनदा विचारलंत."

झालं होतं ते असं. मुसंडेसाहेब कोठार उपसत होते आणि पोपट कोठाराच्या तुळईवर बसला होता. त्याने विचारलं, परतावा हवा आहे का? साहेब दमलेले होते, घाईत होते, पण वरचं सोडून द्यायचं हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी प्रत्येक पोतं त्याला नीट दाखवलं होतं.

"मुसंडे," महाराज हळू आवाजात म्हणाले, "हे खरं आहे?"

"महाराज, मी—"

"कोठारावर परतावा मिळतो?"

"मिळतो महाराज."

"आणि मला बोलला नाहीस?" महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी इतकी वर्षं मधाचं कोठार रिकामं करतोय. माझ्या वडिलांनी केलं. आजोबांनी केलं. आमच्या घराण्याला कोणी एक कवडी वर दिली नाही रे!"

मुसंडेसाहेब भाषणाला उभे राहिले. संकटात ते नेहमी भाषणाला उभे राहत. त्यांनी आपलं बालपण सांगितलं. चिखलाचे दिवस सांगितले. आईने एक कंद सात भावंडांत कसा वाटला ते सांगितलं, आणि तो कंद तेव्हा आपण एकट्यानेच खाल्ला होता, हे प्रांजळपणे कबूल केलं. जमाव हुंदके देऊ लागला. शिपाई गवा तर मोठमोठ्याने रडत होता.

भाषण लांबत गेलं. तुळसाक्काने टोच्याला मांडीवर घेतलं, बाटलीचं बूच काढलं आणि काट्यांच्या दिशेने, हलक्या हाताने, उरलेलं तेल चोळायला सुरुवात केली.

"अगं, इथे?" घोरपडमावशी कुजबुजली. "सगळ्यांसमोर?"

"कोण बघतंय?" तुळसाक्का म्हणाली. "कानामागे जरा धर त्याला."

साहेब आईच्या अंत्ययात्रेपर्यंत आले तेव्हा पाठ झाली. ते परदेश दौऱ्यावर निघाले तेव्हा पोट झालं. त्यांनी हात जोडले तेव्हा शेपटीच्या टोकाला तेलाचा शेवटचा थेंब लागला.

निकाल लागला. मुसंडेसाहेबांनी परताव्याचं पोतं महाराजांच्या पायाशी ठेवलं. काहीतरी परत करणारे ते जंगलाच्या इतिहासातले पहिले मंत्री ठरले आणि त्यांना झेंडूचा हार घालण्यात आला. त्यांनी हार तिथेच खाल्ला.

"आणि कोठार?" तुळसाक्काने विचारलं.

"तो विषय आजच्या कामकाजात नाही," महाराज म्हणाले. "तेल जमा करा."

गव्याने डोळे पुसत बाटली घेतली, उलटी केली, हलवली. मग त्याने पोपटाकडे पाहिलं.

"रिकाम्या बाटलीवर सवलत नाही," पोपट म्हणाला.

टोच्याला पिळून तेल काढता येईल का, यावर थोडी चर्चा झाली. गव्याने एकदा प्रयत्न केला. पुन्हा केला नाही. तुळसाक्काचं पान रद्द करण्याचा मुद्दाही निघाला, पण कोठारात दाणाच नसल्यामुळे सगळ्यांचीच पानं आपोआप निकामी झाली होती. न्याय सर्वांना सारखा मिळाला.

मग महाराजांनी घोषणा केली. पोतं जनतेचं आहे, जनतेलाच मिळेल. निवडणुकीच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला एक कवडी, आणि कवडीवर महाराजांचं चित्र. चित्र काढायचा खर्च मोठा होता, त्यामुळे निम्मं पोतं त्यातच गेलं.

त्या दिवशी रांग लागली. ऊन फार होतं. रांग वाढत वाढत कोठाराच्या दारातून, म्हणजे जिथे दार होतं तिथून, आत गेली. आत ऐसपैस जागा होती, गार सावली होती. सरकारने रांगेसाठी एवढी मोठी जागा मोकळी ठेवली, याचं सशाला फार कौतुक वाटलं.

तुळसाक्काही रांगेत होती. टोच्या खाजवत नव्हता. त्याच्या पाठीवर नवे, मऊ काटे आले होते, आणि तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत होता.

"आई, भूक लागली!" तो ओरडला.

'भूक लागली,' कोठार म्हणालं. भिंती रिकाम्या होत्या. ओरडलेलं सगळंच्या सगळं परत आलं.

तुळईवरच्या पोपटाने मान तिरकी करून ऐकलं आणि पाठ केलं. सरकारच्या वार्षिक अहवालात त्याची नोंद झाली: पुरवठा खातं, परतावा शंभर टक्के.