अर्ध्या भाकरीचा जोर

भाविकहो, उमानाथ महाराज उतारवयात खैरवाडीच्या मठात येऊन राहिले, तेव्हाची ही हकिगत. गावाने त्यांच्या जेवणाचे वार लावून घेतले होते. ज्याचा वार, त्याच्या घरचे ताट मठात जायचे. महाराज फार थकले होते. दिवसभर कोणाचे दुखणे, कोणाचे रडगाणे ऐकायचे आणि पुढ्यात येईल ते खायचे. मागायचे मात्र कधीच नाहीत. आणि न मागणाऱ्याला आपण किती सहज विसरतो, काय सांगावे!

बुधवार दौलतराव इनामदारांचा. पण त्यांच्याकडून ताट येणे बंदच झाले होते. "बसून खाणाऱ्याला कसलं ताट? देवाचा माणूस आहे ना, मग देवच जेवायला घालील," असे ते चारचौघांत म्हणत.

त्या बुधवारी ठकूबाई मठ झाडायला आली, तर महाराज नुसते पाणी पिऊन बसलेले. ती आणि तिचा नवरा सटवाजी इनामदारांच्या विहिरीतला गाळ काढायला निघाले होते. फडक्यात दोघांत मिळून एकच भाकरी. तिने अर्धी मोडून महाराजांपुढे ठेवली.

"अगं, तुम्ही काय खाल?" महाराज म्हणाले.

"आमचं भागंल, म्हाराज. तुम्ही घ्या बघू आधी."

विहिरीवर पोचायला उशीर झाला. कारण ऐकताच दौलतराव उसळले, "स्वतःच्या पोटाला नाही, आणि चालली बुवा पोसायला! काय देतो गं तो तुला?"

ठकूबाईने पदर खोचला आणि गाळाची पाटी उचलली.

दुपार कलली. दमलेल्या सटवाजीला गडी दोराने वर ओढत होते. तो अर्ध्यात आला आणि कठड्याशी घासून दोर तुटला! गडी मागे कोसळले. खाली खडक होता. "महाराज, माझं कुंकू सांभाळा हो!" ठकूबाईने टाहो फोडला.

पण सटवाजी पडला नाही. तुटलेले टोक हवेतच ताठ राहिले. कोणीतरी ओढावे तसा तो दोर थांबत थांबत वर आला आणि सटवाजी काठाला लागला. दौलतरावांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

ठकूबाई मठाकडे धावली. दौलतरावही मागोमाग गेले.

महाराज खांबाला टेकून बसले होते. अंग घामाने निथळत होते. दोन्ही तळहात सोलून निघाले होते आणि त्यांत काथ्याचे धागे रुतले होते.

"दौलतराव," महाराज दमल्या आवाजात म्हणाले, "उपाशी हातांत जोर कुठून आणू? दोर सुटतच होता, बाबा. ठकूची अर्धी भाकरी पोटात होती, म्हणून धरवला."

अहो, संतांनाही पोट असते! देवाचे काम करायचे, तरी हातपाय माणसाचेच ना! दौलतरावांचा चेहरा उतरला. ते तसेच घरी गेले आणि गड्याला न धाडता स्वतः ताट घेऊन आले. पण महाराजांना घास धरता येईना. तेव्हा त्या इनामदाराने खाली बसून वरणभात कालवला आणि आपल्या हाताने त्यांना भरवला.

थोडे पोटात गेले तसा महाराजांचा डोळा लागला. त्यांना जाग येऊ नये म्हणून दौलतरावांनी अगदी हळूच त्यांच्या पायांवर डोके टेकले.