तीन थरांचे हंडे

घाटावरच्या एका गावात एक तांबट राहत होता. वडिलांच्या मागे भट्टी त्याच्याकडे आली होती. भट्टीची जागा मात्र गावाची. तांबट गावाला भांडी पुरवील तोवरच ती त्याची, असा रिवाज होता.

वडील होते तोवर लोक फुटकं भांडं मोडीत आणून द्यायचे. ते वितळवून त्याचंच नवं घडवलं जाई आणि कमी पडेल तेवढं तांबं बंदरावरून बैलांवर लादून येई. मुलाला या मोडीचा भारी कंटाळा. काजळीने माखलेली, पोचे आलेली भांडी घासत बसा, वितळवत बसा, नसता उपद्व्याप सांगितलाय कुणी? बंदरावर कोरा पत्रा हवा तेवढा मिळत होता. त्याने मोड घेणं बंदच केलं. मग गावातलं जुनं तांबं फेरीवाले उचलून नेऊ लागले.

तांबटाने नवा हंडा काढला. आतबाहेर तांब्याचा पातळ पत्रा, मधे लोखंड, आणि सगळं घट्ट बसावं म्हणून शिसं ओतलेलं. दिसायला झकास, उचलायला वजनदार आणि वर स्वस्त. लोकांच्या नुसत्या उड्या पडल्या.

दोन वर्षांत ते हंडे गळू लागले. कुणी तक्रार घेऊन आलं की तांबट म्हणे, "तो टाका ओढ्यात, नवा न्या."

बायको एकदा म्हणाली, "अहो, हे हंडे उद्या आपल्याच दारात परत आले तर काय कराल?"

"परत यायला ते काय माहेरवाशिणी आहेत?" तांबट हसत म्हणाला.

बायको हसली नाही. ओढ्याकाठचा ढीग तिला पाण्याला जाता-येता दिसत होता.

तिसऱ्या वर्षी घाटात दरड कोसळली आणि बंदराची वाट बंद झाली. त्याच आठवड्यात गावचा पाटील भट्टीवर आला.

"गावजेवणाच्या पातेल्यांची बुडं गेलीत," तो म्हणाला. "महिन्यावर जेवण आलंय. पंधरा दिवसांत चार पातेली दे. नाही जमलं तर शेजारच्या गावचा तांबट आणतो. मग भट्टीही त्याचीच."

घरात पत्र्याचा तुकडा नव्हता. तो गाडी जुंपून ओढ्यावर गेला आणि आपलेच हंडे भरून घेऊन आला. भाता फुंकून फुंकून त्याचे हात भरून आले. पण शिसं तांब्यात असं मिसळलं, की थंड झालेल्या पत्र्यावर पहिला ठोका पडताच भेग गेली. दुसऱ्या हंड्याचंही तेच. मग छिन्नी घेऊन तो एकेक थर सोडवायला बसला. दिवसभर खपून एक हंडा सुटला आणि हाती आलं मूठभर तांबं. पंधरा दिवसांत एका पातेल्याचं बूडही झालं नाही.

सोळाव्या दिवशी शेजारच्या गावचा म्हातारा तांबट बैलावर तांबं लादून आला आणि भट्टीवर बसला. बारा दिवसांत चारही पातेली तयार झाली.

आपला तांबट सारं बघत होता. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "काका, वाट तर तुमचीही बंद आहे. एवढं तांबं आणलंत कुठून?"

"कुठून म्हणजे? लोकांच्या घरातून," म्हातारा म्हणाला. "आमच्या गावचं तांबं आमच्याच गावात फिरतं. भांडं घडवतानाच मी बघतो, उद्या मला ते सोडवता येईल का. तुझे हंडे बघितले मी ओढ्यावर. कारागिरी चांगली आहे. पण बाबा, तूच घडवलेलं तुलाच सोडवता येत नाही?"

तांबटाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भट्टी गेली ती गेलीच. म्हाताऱ्याने त्याला हाकललं मात्र नाही. हाताखाली ठेवून घेतलं आणि काम दिलं ओढ्यातले हंडे सोडवायचं. तीन वर्षांत घडवलेलं सोडवायला त्याला अकरा वर्षं लागली.

तात्पर्य एवढंच: वस्तू मोडल्यावर तिचं काय करायचं, हा विचार ती घडवणाऱ्यानेच आणि घडवण्याआधीच करावा.