अस्वलाची पाठ आणि भोपळ्यांचा मळा

दोन टेकड्यांच्या मधल्या रानात एक अस्वल आपल्या म्हाताऱ्या आईसोबत राहत असे. उन्हाळ्यात त्या रानात खायला फारसे काही उरत नसे. मग अस्वलाला महिनाभर दूरच्या डोंगरावर जावे लागे, आणि आईला तर आता चार पावलेही चालवत नव्हती. मागच्या उन्हाळ्यात ते परत आले तेव्हा आई इतकी वाळली होती, की त्याला तिच्याकडे बघवेना. म्हणून यंदा त्याने ठरवले, की गुहेजवळच, ओढ्याकाठी भोपळ्यांचा मळा करायचा. पिकलेले भोपळे पुष्कळ दिवस टिकतात. ते गुहेत रचून ठेवले, की आईला एकटे सोडून जायला नको.

अस्वल अंगाने दांडगे होते, पण धीर म्हणून त्याला नव्हता. थंडीतल्या एका सकाळी ते झोपेतून उठले आणि तडक खणायला लागले. शेजारी एक म्हातारे साळिंदर आपल्या कंदांच्या वाफ्यात काम करत होते. त्याने अस्वलाला सांगितले, की थंडीने अंग आखडलेले असते, तेव्हा आधी थोडे फिरून ये, हातपाय मोकळे कर, आणि सगळा मळा आजच खणायचा हट्ट धरू नकोस. अस्वल हसले. "आजोबा, ही काळजी म्हातारपणी घ्यायची," असे म्हणून ते पुन्हा कामाला लागले.

दुपारपर्यंत ते पाणीही न पिता, कमरेत वाकून खणत राहिले. पाठ दुखत होती, तिकडे त्याने लक्ष दिले नाही. मग ओढ्यापलीकडे उगवलेली भोपळ्याची रोपे त्याने मुळांसकट काढून आणली. एका आळ्यात मोठा धोंडा आडवा आला होता. अस्वलाने गुडघे न वाकवताच तो उचलला आणि तसेच अंग पिळून बाजूला टाकायला गेले. त्याच क्षणी पाठीत अशी उसण भरली, की ते मटकन खाली बसले. त्याला उठता येईना की वळता येईना. समोर उन्हात रोपे माना टाकू लागली होती. ती सुकली, तर यंदाही आईला सोडून जावे लागणार, या विचाराने त्याचे डोळे भरून आले.

साळिंदराने हे पाहिले. ते आले आणि त्याने रोपांच्या मुळांवर ओला चिखल थापला. मग ते उकिडवे बसून एकेक रोप लावू लागले. चार रोपे लावली, की उठून पाठ ताणायचे, दोन घोट पाणी प्यायचे, आणि पुन्हा बसायचे. सूर्य मावळायच्या आत बहुतेक रोपे जमिनीत गेली होती.

"आजोबा, तुम्ही इतके सावकाश काम करता, तरी ते पुरे कसे होते?" अस्वलाने खालच्या आवाजात विचारले.

"कारण मी उद्याही कामाला येतो," साळिंदर म्हणाले. "तुझ्या वयाचा असताना माझीही पाठ अशीच धरली होती, पोरा. दोन महिने पडून होतो. सारे कंद किडीने खाल्ले."

अस्वलाने काही दिवस विश्रांती घेतली, उन्हाने तापलेल्या वाळूवर पाठ शेकली. मग ते मळ्याच्या उरलेल्या भागात रोज एकच वाफा खणू लागले. आता ते धोंडे उचलायच्या ऐवजी ढकलत नेई, आणि काही उचलायचेच झाले, तर गुडघ्यांत वाकून, ओझे पोटाशी धरून उचली. पाठ कुरकुरली, की खणणे थांबवून वेलांना पाणी घाली. थोडी रोपे मेली खरी, पण उरलेल्या वेलांना इतके भोपळे लागले, की त्यातले दोन साळिंदराकडेही गेले. त्या उन्हाळ्यात अस्वल डोंगरावर गेले नाही. भर दुपारी ते गुहेच्या सावलीत आईशेजारी बसून भोपळा फोडी, आणि गोड गोड फोड आधी तिच्या हातात देई.

तात्पर्य : मुलांनो, शरीराचे ऐकून, बेताबेताने केलेले काम शेवटास जाते, शरीरावर जबरदस्ती केली, तर ते अर्ध्यावरच अडते.